अक्कांच्या कानामागचा खडू

“हिला बोलता येतंय का न्हाई?” माझ्या मागं बसलेली गंगूबाई कुजबुजली.

“येतंय की,” खडूअक्का म्हणाल्या. “येळ आली की बोलंल. तवर पाय चालू दे तिचा. तू तुझी काजं बघ, बकरीनं खाल्ल्यावानी दिसायलीत.”

सगळ्या हसल्या. मी मान खाली घालून मशीन चालवत राहिले.

हैदराबादेत गडबड वाढली म्हणून अप्पांनी मला इंग्रजी शाळेतून काढून चिटगुप्प्याला आणलं होतं. घरात बसून आणखी मुकी होईन, म्हणून हुन्नरशाळेत धाडलं. मोठ्या बायकांना शिवण शिकवणारी ती शाळा एकट्या अक्काच चालवत. त्या मूळच्या राजेश्वरच्या. रागवायच्या कानडीत, समजूत काढायच्या मराठीत. कानामागं कापडावर खुणा करायचा चपटा खडू कायम खोचलेला. देवळात जातानाही तो निघत नसे.

शाळेला परवानगी होती ती फक्त शिवणाची. पण बाजारच्या दिवशी खेड्यांतल्या बाया टोपल्या दाराशी ठेवून आत येत आणि अक्का त्यांच्यापुढच्या कापडावर खडूनं एखादं अक्षर काढत. बाया ते मोठ्यानं म्हणत. तो आवाज झाकायला आम्ही मशीन चालवायचो. मग अक्का तळव्यानं कापड पुसत, की झालं. विनापरवाना मराठी शिकवणाऱ्याला कचेरीत बोलावणं येई, आणि हैदराबाद संस्थानाच्या त्या शेवटच्या दिवसांत कचेरीत गेलेलं माणूस परत येईलच असं नसे.

रस्त्यावर बूट वाजले की माझे पाय थिजत. कुठलं मशीन थांबलं ते अक्कांना पाठमोरं असूनही कळायचं. “भ्या वाटायलंय व्हय? वाटू दे. मलाबी वाटायलंय. पाय थांबवू नको.”

एका बाजारी बूट आमच्या दारातच थांबले. बंदूकवाले दोघे आणि एक कारकून. गंगूबाईच्या मांडीवरच्या कापडावर ‘घ’ तसाच होता. अक्कांनी कापड ओढून घेतलं आणि माप घेतल्यासारखा त्यावरून हात फिरवला.

“क्या पढारे यहाँ?”

“पढाना कायका जी? पाजामा सिखातूँ.”

“हाथ दिखाओ.”

तळवा पांढराफटक. “सीनेवाली का हाथ सफेदच रहता साब. लोहारन होती तो काला रहता.”

कुणी हसलं नाही. सगळी मशीनं थांबली होती, माझं सोडून. दोरा केव्हाच तुटला होता; सुई नुसतीच कापड टोचत होती.

“कल कचेरीको आना,” कारकून म्हणाला.

त्या संध्याकाळी निघताना अक्कांनी कानामागचा खडू काढून माझ्या मशीनवर ठेवला. कानामागं पांढरा ओरखडा तेवढा उरला होता.

त्या परत आल्या नाहीत. कुणी म्हणे, सोलापूरकडं निघून गेल्या. बाकीचे विषय निघाला की उठून जात, त्याचं भय जास्त वाटे.

पुढच्या बाजारी कुणी फिरकणार नाही असं मला वाटलं होतं. पण दाराशी एकेक टोपली येऊन टेकली. गंगूबाईनं माझ्यापुढं कापड पसरलं आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली. बाहेर पुन्हा बूट वाजले. एकेक मशीन थांबत गेलं. मी खडू उचलला. ‘घ’ वाकडाच निघाला.

“हा घराचा घ,” मी म्हणाले. “म्हणा सगळ्या. आणि पाय थांबवू नका.”