चाचांच्या बागेतली कॉफी

आमच्या सिरसाळ्यात कॉफी पिणारे मोजकेच, आणि त्यातले निम्मे अण्णांच्या भिडेखातर पितात. बाकी सगळा गाव चहावर. तरी माझे वडील, म्हणजे अण्णा, पिठाच्या गिरणीशेजारच्या टपरीत वर्षानुवर्षं कॉफी भाजून, दळून विकतात. कारण एकच, चाचा. ते अण्णांचे शाळेतले दोस्त. ट्रक दुरुस्तीच्या कामाला म्हणून चिकमगळूरला गेले, तिथलीच मुलगी केली आणि सासऱ्याच्या कॉफीच्या बागेत रमले. आता बाग त्यांचा मुलगा बघतो. दर वर्षी ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर दोन पोती कच्च्या बिया येतात. टपरीवर पाटी आहे, 'दोस्ताच्या बागेतली कॉफी'. दर शुक्रवारी नमाज झाली की चाचांचा फोन यायचा, आणि तो सुरू असेपर्यंत गिऱ्हाइकानं ताटकळायचं.

माझी नोकरीही नेमकी त्याच जातीची. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत, कॉफी सांगितलेल्या मुलखातलीच आहे का, ते मी तपासते. बियांवर प्रकाश टाकायचा. बी त्यातला काही प्रकाश शोषून घेते, काही परत पाठवते. परत आलेल्या प्रकाशाची रेघ पडद्यावर उमटते, ती त्या त्या भागातल्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून बघायची. गोदामात न्यायला हातात मावेल असं यंत्र असतं. यंदा नवी पोती आली त्याच सुमारास मी एका गोदामातल्या कामावरून परतताना ते घेऊन सिरसाळ्याला घरी गेले. अण्णा म्हणाले, "आपल्या दोस्ताची बी दाव की त्याला."

मीही हौसेनं उघड्या पोत्यातल्या मूठभर बिया यंत्रापुढे धरल्या. चिकमगळूरशी जुळेना. दुसरी मूठ घेतली, तीही जुळेना.

जुळत नाही एवढंच यंत्र सांगतं, का ते सांगत नाही, हे मी अण्णांना परोपरीनं समजावलं. पण त्यांचं तोंड उतरलं ते उतरलंच. माणूस चाळीस गोष्टी ऐकतो आणि लागायची तीच एक लावून घेतो, त्यात अण्णा तर पहिल्या नंबरचे. त्यांनी तिथल्या तिथं फोन लावला. "पोत्यात दुसरीकडची बी मिसळली का बे कुणी?" चाचा "बगतो," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. त्या शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. अण्णा मोबाइल खिशातून काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि जीवही तुटायचा.

उन्हाळ्यात गहू भरायच्या दिवसांत मी परत घरी गेले, यंत्र याही वेळी बरोबर होतं. अंगणात चवाळं पसरून आई गव्हाला एरंडेल चोळत होती. कणगीत भरण्याआधी तेलाचा हात फिरवला की धान्याला कीड लागत नाही, आमच्याकडे घरोघरी असंच करतात. हातावरचं उरलेलं तेल बघत ती म्हणाली, "कॉफीच्या दुसऱ्या पोत्यालाबी लावून घिऊ का? पैल्याला आल्या आल्या लावलं व्हतं."

"कावून लावलं माय?"

"मागल्या साली किडे झालते न्हाई का."

मी यंत्र काढायला उठले. भाजताना तेल जळून जायचं, त्यामुळे चवीत कुणाला कळलं नव्हतं. यंत्राच्या प्रकाशाची गाठ मात्र बीच्या आधी एरंडेलाशी पडली होती. दुसऱ्या पोत्याची शिवण उसवून कोरड्या बिया यंत्रापुढे धरल्या. रेघ चिकमगळूरच्या नमुन्यांत जाऊन बसली, दरवेळी.

"चोर सोडून संन्याशाला फाशी झाली की," आई म्हणाली आणि तेलकट हात तसेच मांडीवर ठेवून बसून राहिली.

अण्णांना बोलावून सांगितलं, तसा त्यांनी लगेच चाचांना फोन लावला, मला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. "दोस्ता, माफ कर. बी तुझीच हाय. तेल आमच्या घरचं व्हतं."

 चाचा म्हणाले, "मी पोराला घरातून काडलं रे. शपथा घेत व्हता. तुजं ऐकलं मी, त्याचं न्हाई."

मुलगा तिकडेच शेजारच्या तालुक्यात एका गॅरेजात कामाला लागला होता. अण्णांनी त्याचा नंबर मागून घेतला. नंबर मी लावून दिला. बापाकडून उचललेल्या सिरसाळ्याच्या मराठीत तो बोलला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अब्बाला सांगितलं?"

"आत्ताच सांगितलं."

"मग त्यांनी फोन कावून न्हाई केला?"

"लाज वाटत आसल त्याला. मलाबी वाटती. मी उद्याच निगतो. त्याला घिऊन तुज्या दारात येतो."

पलीकडे कुणीतरी लोखंडी पाना फरशीवर टाकल्याचा आवाज आला.

"अब्बाला प्रवास झेपायचा न्हाई काका, गुडगे लई दुखत्यात त्यांचे," तो म्हणाला. "मीच घरी जातो. तुमी तिथंच या."