आधी तिकडं, मग इकडं

माझ्या सख्ख्या भावाच्या मरणाची बातमी मला एका गिऱ्हाईकानं दिली. सकाळी मी काकड्या चिरत होते. किनवटकडची एक पोरगी, इथं डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास लावलेली, रिकाम्या हातानं माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. मी विचारलं, "पाव कुठाय?" ती म्हणाली, "मावशी, तिकडचं शटर बंद हाय. तिकडचे आजोबा वारले म्हणून राहिले सगळे." तिकडचे आजोबा म्हणजे महादेवअण्णा, माझा थोरला भाऊ. त्याच्या आणि माझ्या दुकानात एक प्लायवूड, बस. मागच्या गल्लीत त्याचं घर, तिथून हाक मारली तर मला ऐकू येते. पहाटे त्याच्या छातीत दुखलं, गाडी आली, डॉक्टर आले, पाहुण्यांना फोन गेले. मला कुणी हाक मारली नाही. मी सुरी खाली ठेवली आणि त्या पोरीला म्हणाले, "आज सँडविच न्हाई, बाई."

दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांना आपलंसं करणारं व्यक्तिमत्त्व. वर हसरा फोटो. तो पोराच्या लग्नातला होता, त्या दिवशी फोटोवाल्यानं फारच गळ घातली होती म्हणून हसला असेल. मी त्याला हसताना शेवटचं कधी बघितलं ते मला सांगता येणार नाही. या पुरवणीच्या संपादकबाई शिकताना आमच्याकडं खायला यायच्या. त्या म्हणाल्या, ताई, भावाविषयी लिहा. मी म्हटलं, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असेल तर फ्लेक्सवाल्याकडून लिहून घ्या. त्या म्हणाल्या, जसं आठवतं तसं लिहा. तर हे तसं आहे.

बेकरी आमच्या बाबांची, लातूरच्या जुन्या भागात. तेव्हा लातुरात क्लास नव्हते, होस्टेलं नव्हती, सँडविच हा शब्दसुद्धा नव्हता. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या बायका घरचा मैदा, साखर, तूप डब्यातून घेऊन यायच्या आणि आमच्या भट्टीत नानकटाई भाजून न्यायच्या. बाबा फक्त भाजणावळ घेत. अण्णा तेव्हा मिसरूड फुटलेला. तो प्रत्येकीचा डबा उघडून नाकाला लावायचा आणि चारचौघींत म्हणायचा, "ह्यात निम्मा डालडा हाय. घरच्याला सांग, तूप म्हणून काय आणून देऊ लालाय ते." त्या बिचाऱ्या लाल होऊन जायच्या. बाबा मागून हात जोडायचे, "पोरगं हाय, मनावर घेऊ नका." पुढं तो पोरगा राहिला नाही, पण तोंड तेच राहिलं. लोक म्हणतात स्पष्टवक्ता होता. स्पष्टवक्ता माणूस आधी स्वतःबद्दल स्पष्ट बोलतो. हा फक्त दुसऱ्याचे डबे हुंगायचा.

माझं लग्न निलंग्याच्या पुढं एका खेड्यात झालं. दगडामातीचं घर, हातभर रुंद भिंती. गणपती बोळवून माणसं गाढ झोपली होती त्या पहाटे भूकंप झाला आणि त्याच भिंतींनी माझा नवरा नेला. मी आणि लेक दाराच्या चौकटीखाली सापडलो म्हणून वाचलो. नंतर नवीन गावठाणात घरं मिळाली. माझ्या दिरानं एका कागदावर सही मागितली. म्हणाला, वहिनी, घर दोघांचंच, नुसती सोय म्हणून माझ्या नावावर घेतो. मी शोकात होते, केली सही. वर्षभरात त्या घराला माझ्यासाठी दार राहिलं नाही. हे सांगते ते दिराची निंदा करायला नाही… तो तर त्याहून जास्त निंदेच्या लायकीचा आहे. पुढचं कळावं म्हणून सांगते.

बाबांनी मला आणि लेकीला माहेरी आणलं. अण्णा काही बोलला नाही. न बोलणं हे त्याचं खास हत्यार होतं, ते मला पुढं चांगलं ओळखीचं झालं. मी भट्टीवर राबू लागले. तोवर लातूरचं वारंच फिरलं. इथं शिकलं की पोरगं डॉक्टर-इंजिनिअर होतं म्हणून नांदेड, हिमायतनगर, उदगीर, कुठून कुठून पोरं यायला लागली. घर बांधलं की वरचा मजला होस्टेल. मेसचं पिवळं वरण पिऊन कंटाळलेली ती पोरं संध्याकाळी नुसता पाव घेऊन कोरडा चावत उभी राहायची. मला बघवेना. मी कोथिंबिरीची चटणी, बटाटा, काकडी घालून द्यायला लागले आणि रांगा लागल्या. अण्णा म्हणाला, "बेकरीत भाजी चिरायची न्हाई." बाबा म्हणाले, "चिरू दे. दुकान दोघांचं हाय." हे त्यांनी माझ्यासमोर म्हटलं, त्याच्यासमोर म्हटलं, आलेल्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं. कागदावर मात्र लिहिलं नाही. आपल्याकडं बापाला वाटतं, आपण बोललो म्हणजे झालं.

बाबा वारले, लिंगैक्य झाले, आणि महिना सरतो न सरतो तोच अण्णा आणि शोभावहिनी माझ्या खोलीत आले. वहिनीच्या हातात ताट, ताटात नवी इरकल साडी. आपल्याकडची ही रीत ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बहिणीला साडी नेसवायची, गोडाधोडाचं जेवू घालायचं, आणि तालुक्याला नेऊन हक्कसोडीवर सही घ्यायची, म्हणजे बापाच्या इस्टेटीत मला काही नको असं तिनं हसत हसत लिहून द्यायचं. शिकलेल्या, नोकरीवाल्या बायका देतात. माहेर तुटू नये म्हणून देतात. मी साडीला हात लावला नाही. म्हटलं, "अण्णा, एक घर भुईनं गिळलं, दुसरं दिरानं गिळलं. हे मी देणार न्हाई. इथून मला कुणी ऊठ म्हणायचं न्हाई." वहिनी म्हणाली, "वन्स, दिल्या घरच्या लेकीनं माहेराला कोर्टाची पायरी दाखवू नये. भाऊ काय टाकून देणार हाय का तुमाला?" अण्णानं ताट उचललं आणि निघून गेला. त्या दिवसापासून मरेपर्यंत तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. साडी पुढच्या दिवाळीत वहिनीनं नेसली. मी बघितली.

मग आमचे मामा आणि दोन-तीन वडीलधारी माणसं बसली. कोर्ट नको, चार लोकांत मिटवा. त्यांनी जी वाटणी केली ती जगात दुसरीकडं कुठं झाली नसेल. दुकानाच्या मधोमध प्लायवूड. पाव, खारी, टोस्ट, बिस्किटं त्याची, सँडविच माझं. एकानं दुसऱ्याचा माल विकायचा नाही. झालं म्हणून मामा उठत होते तर अण्णा त्यांच्याकडं बघून म्हणाला, "पाव मी गिऱ्हाइकाला इकीन. तिला इकणार न्हाई." मला वाटलं कुणीतरी म्हणेल, अरे, पावाशिवाय ती सँडविच कशाचं करील? कुणी म्हटलं नाही. मीही हट्टाला पेटले. म्हटलं, ठीक हाय, मग गिऱ्हाईक आणील पाव.

आणि खरंच पंचवीस-एक वर्षं गिऱ्हाइकानं आणला. आधी अण्णाच्या खिडकीवर पाव घ्यायचा, पायरी उतरून वळसा घालून माझ्या खिडकीवर यायचं, मी तो भरून द्यायचा. नव्या पोरांना जुनी पोरं शिकवायची, "आधी तिकडं, मग इकडं." क्लासची वेळ सांगतात तशी ही माहिती होस्टेलात देत असत. पालकांचं मात्र डोकं फिरायचं. हिमायतनगरचे एक गृहस्थ पोराला सोडायला आले होते. मला म्हणाले, "दोन सँडविच द्या." मी म्हटलं, "पाव आणा." "म्हणजे?" "तिकडून आणा." ते तिकडं गेले आणि पाव घेऊन अण्णाला म्हणाले, "ह्यात भाजी भरून द्या की." अण्णा म्हणाला, "ते तिकडं." ते परत माझ्यापुढं आले आणि म्हणाले, "बाई, तुमी दुकान चालवताय का तहसील? दोन घास खायला दोन टेबलं फिरवू लालाव." मी म्हटलं, "तहसीलला गेले न्हाई म्हणून तर हे असं हाय." त्यांना काही कळलं नाही. पण खाऊन झाल्यावर पुन्हा तिकडं गेले, आणखी पाव घेऊन आले.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या बेकरीचा पाव आणायचा. आणता आला असता. पुष्कळांनी सुचवलं, एकानं तर सकाळी घरपोच देतो म्हणून सांगितलं. पण माझ्या बापाच्या भट्टीतला पाव सोडून मी बाहेरचा पाव का आणू? तो आणला असता तर सही न करताच मी हक्क सोडला असता. अण्णाला तेच पाहिजे होतं. त्याला कळायचं, कुठलं पोरगं नुसता पाव न्यायला आलंय आणि कुठलं माझ्याकडं येणार आहे. माझ्याकडं येणाऱ्याला तो मुद्दाम कालचा पाव द्यायचा. मी पोराला परत पाठवायची, "शिळा हाय, बदलून आण." तो म्हणायचा, "घ्यायचा तर घे." ते पोर बिचारं हेलपाटे घालून रडकुंडीला यायचं, त्याचा तास बुडायचा. शेवटी मी लोखंडी साचा आणला आणि पाव लोणी लावून भाजायला लागले. भाजला की शिळा-ताजा सगळा सारखाच. ते भाजलेलं सँडविच इतकं चाललं की परगावी गेलेली पोरं डॉक्टर होऊन आली तरी तेच मागतात. त्याच्या हलकटपणावर माझं नाव झालं, हे त्याला पलीकडून रोज ऐकावं लागायचं. मला याचा आनंद व्हायचा. का होऊ नये?

लोक मला भेटायला आले तेव्हा डोळे पुसत म्हणत होते, काही झालं तरी भाऊच होता, आतून माया असेलच. आतून काय होतं मला माहीत नाही. बाहेरून जे होतं ते मी भोगलं. माझ्या लेकीच्या लग्नात मामा म्हणून उभं राहायला शेजारचा माणूस बोलवावा लागला, आणि हा त्या वेळी पाव भाजत होता. वास मांडवापर्यंत येत होता.

तरी मी मयतीला गेले. न बोलावता गेले. आमच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. विभूती लावून, हार घालून बसवलं होतं त्याला. बसलेला माणूस आता बोलेल असं वाटत राहतं… मी समोर बसून राहिले, मूर्खासारखी. म्हटलं, आता तरी काही म्हण. शिवी दे. मग रडू आलं. बायका मला सावरायला धावल्या, त्यांना वाटलं दुःख आहे. राग होता. भांडण मिटवायला निदान दोन माणसं लागतात, आणि हा मला एकटीला सोडून चालला होता.

दिवसकार्य झाल्यावर भाचा माझ्या खोलीवर आला, बसवराज. एकुलता एक. पुण्याला असतो, बोलायला गोड. "आत्या, आता बेकरी कोण चालवणार? सगळी जागा अभ्यासिकेला भाड्यानं द्यायची म्हणतोय. प्लायवूड काढलं की मोठा हॉल होतो." मग बॅगेतून कागद काढला. आणि कापडाच्या दुकानाची पिशवी. पिशवीत दोन साड्या होत्या, एक माझी आणि एक त्याच्या आईची. मी विचारलं, "आईची कशाला रे?" तो म्हणाला, "तिची पण सही लागती ना. वारस हाय ती." वहिनी मागं दाराला टेकून उभी होती. तिनं वर बघितलं नाही. मी त्याला म्हटलं, "तुझ्या बापाला जे सांगितलं तेच तुला सांगते, न्हाई." तो साड्या आणि कागद वहिनीच्या हातात देऊन गाडीत बसला. मम्मी समजावेल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लास चालू असतात आणि गिऱ्हाईक नसतं त्या वेळी, वहिनी रस्त्यानं वळसा घालून माझ्या दुकानात आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं समजवायला आली, मी मनात शब्द पाजळून ठेवले. ती स्टुलावर बसली. तिनं प्लायवूडकडं बघितलं. मग म्हणाली,

"वन्स, सही न्हाई केली तर काय होतं?"

किती वाट बघितली होती मी, त्या बाजूचं कुणीतरी माझ्यासमोर असं बसावं म्हणून. ओठावर आलं होतं, पोरगा काय टाकून देणार हाय का तुमाला? पण तिचा चेहरा बघून ते बोलवलं नाही.

"काय होत न्हाई," मी म्हटलं. "पोलीस येत न्हाईत, छप्पर पडत न्हाई. फक्त ज्याला सही पायजे असती ना, तो बोलायचं सोडतो."

"किती दिवस?"

तिला ते माझ्याहून जास्त ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाचं शटर वर गेल्याचा आवाज आला. वहिनीनं भट्टी पेटवली होती. पाव खाली जरा करपतो तिचा, पण ताजा देते. तिनं सही केलेली नाही. मी तिला माफ केलेलं नाही, आणि प्लायवूडही काढलेलं नाही. पोरं अजून आधी तिकडं जातात, मग इकडं येतात. संध्याकाळी ती रिकामे ट्रे भिंतीवर आपटून झटकते, हुबेहूब अण्णासारखी, आणि मग पलीकडून तिचा आवाज येतो, "वन्स, बसवराजचा फोन आजबी आला न्हाई."

मी इकडून हुंकार भरते, "हाव." दुसरं काय म्हणू…