खोटी सासू

साडीचा पदर दोन बोटांत धरायचा, उजेडाकडे करायचा आणि नाक मुरडायचं. "हे कॅमेऱ्यात उठणार नाही." माझ्या दुकानात आली की तिचं पहिलं वाक्य हेच. उठणार नाही म्हणत चांगल्यातल्या चांगल्या साड्या न्यायची आणि फॉल उसवून परत पाठवायची.

मी साताऱ्यात शूटिंगला साड्या आणि दागिने भाड्याने देते. नवरा गेल्यावर एका ट्रंकेवर सुरुवात केली. भाव करण्यात मला कुणी हरवत नाही. ती हरवायची, कारण ती भाव करायचीच नाही. "ताई, चांगल्या कामासाठी आहे," म्हणायची आणि गठ्ठा गाडीत.

तुम्हीही तिला पाहिलंय. संध्याकाळच्या मालिकेतली दुष्ट सासू. मुलगा मेल्यावर सुनेच्या बांगड्या फोडते तीच. त्या बांगड्या माझ्या दुकानातल्या. तो भाग लागला आणि वाईच्या बाजारात एका म्हातारीनं तिला तोंडावर शिव्या घातल्या. त्यानंतर बाई गावोगाव सांगत सुटली, विधवांचं कुंकू पुसू नका, बांगड्या फोडू नका. उन्हातान्हात फिरायची, सरपंचांशी भांडायची. ते काम खोटं नव्हतं. खोटं काय होतं ते पुढे ऐका.

कवठे महांकाळकडच्या एका गावात तसा ठराव झाला. तिनं मला साड्या घेऊन बोलावलं. स्टेजवर ती विधवांना कुंकू लावणार होती. पण गावातल्या विधवा मागे पदर ओढून बसलेल्या, एकही उठेना. फोटोवाले खोळंबले. मग तिची नजर माझ्यावर आली.

माझ्या कपाळावर कुंकू होतं. नवऱ्याच्या तेराव्याला मी ते स्वतःच्या हातानं परत लावलं होतं. सासूनं त्यापायी माझ्या हातचं पाणी सोडलं, ते मरेपर्यंत. पण मी काही ते पुसलं नाही.

बाईनं पर्समधून ओला कागदी रुमाल काढून माझ्यापुढे धरला. "ताई, एक मिनिट पुसा ना. आधीचं असलं तर मी लावलेलं उठणार नाही."

माझं डोकं फिरलं. माइक शेजारीच होता, त्याचंही भान राहिलं नाही. "आवं म्याडम, ज्ये माझ्या सख्ख्या सासूला पुसता आलं न्हाई, त्ये तुमी खोट्या सासू काय पुसणार?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. त्यातलीच एक म्हातारी उठली, काठी टेकत वर आली आणि माझ्यापुढे कपाळ करून म्हणाली, "तूच लाव गं." मी लावलं. मग रांग लागली. बाई बाजूला करंडा धरून उभी.

आता मुलाखतीत ती हाच प्रसंग सांगते. साताऱ्याच्या एका बिचाऱ्या विधवेला तिनं धीर दिला म्हणे, स्वतःच्या हातानं कुंकू लावलं म्हणे. बरोबर जागेवर डोळ्यांत पाणी येतं. दुकानातल्या टीव्हीवर ते पाहून गिऱ्हाइकं हळहळतात, मी साड्यांच्या घड्या जोरात आपटते.

गेल्या वर्षी तिचा नवरा गेला. सांगलीत, विश्रामबागेत तिचं माहेर; तिथे भेटायला गेले. खरं सांगते, भांडण मनात धरूनच गेले होते.

ती खुर्चीत बसली होती. कपाळ मोकळं. आत नातेवाइकांची कुजबुज चाललेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाली, "माझ्या आत्याबाई आहेत अजून घरात. चार दिवस जाऊ देत, ताई."

केवढं बोलता आलं असतं. पण पर्समधला माझा करंडा तिच्या हातात दिला, वरून तिची बोटं मिटवली आणि निघाले.

त्यानंतर ती साताऱ्याला आली नाही. नव्या मालिकेत रोज दिसते, कपाळावर ठसठशीत कुंकू. पण तिथे भूमिका सांगेल तसं लावतात. त्यावरून काही कळत नाही.