खांद्यावरचा हात

लग्नाच्या वाढदिवसाला मुलीने आम्हाला बचाटाचा क्लास भेट दिला. बचाटा म्हणजे जोडीने, एकमेकांना धरून, संथपणे करायचा लॅटिन नाच. "त्यापेक्षा मिक्सर द्यायचा," हे म्हणाले.

माझा डोळा नाचावर नव्हताच, स्कूटरवर होता. मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात घराजवळच्या कात्रपच्या वळणावर पाण्याखालचा खड्डा ह्यांना दिसला नाही, स्कूटर आडवी झाली आणि माझं मनगट मोडलं. मनगट जुळलं, पण ह्यांनी मला पुन्हा मागे बसवलं नाही. एकटे असले की स्कूटर, मी असले की रिक्षा. क्लासला उशीर व्हायला लागला की झक मारत स्कूटर काढतील, असा माझा हिशेब. कसलं काय! अंबरनाथला शेअर रिक्षा बदलून, तिसऱ्याच्या अंगावर रेलत आम्ही रोमँटिक नाच शिकायला उल्हासनगरला जाऊ लागलो.

क्लास तिथल्या कॅम्प तीन भागात, जीन्स शिवायच्या कारखान्याच्या वर. खाली मशीनं सुरू झाली की वरची लादी थरथरायची. शिकवणारी सिंधी मुलगी आमच्या लेकीपेक्षाही लहान. तीन पावलं बाजूला, चौथ्याला कंबर उडवायची, असं तिने सांगितलं. ह्यांनी आधी पॅन्ट वर ओढली. मग तिने माझा हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला आणि तिथेच घोळ झाला.

सगळा संसार मी त्या खांद्यावरून स्कूटर चालवली होती. दाबलं की ब्रेक, थोपटलं की भाजीवाला आला, चिमटा काढला की रिक्षावाल्याशी भांडू नका. आता समोरून दुसरी जोडी येताना दिसली, माझी बोटं आवळली गेली आणि हे जागच्या जागी थांबले. मागचे दोघे आमच्यावर आदळले. पुढे भिंत आली, तेव्हाही तेच.

"अंकल, रुक क्यों जाते हो?"

"ये बोलती है."

"आंटी तो कुछ बोली ही नहीं!"

"तुमको नहीं समझेगा."

शेवटी ती मला म्हणाली, "आंटी, आप आँखें बंद करो. अंकल ले जाएँगे."

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "नको, पडेल ती," ते मराठीतच म्हणाले.

सगळे हसले. मला मात्र भरून आलं. इतके दिवस मी ह्यांना हट्टी समजत होते, आणि हा माणूस नुसता घाबरलेला होता. मी डोळे मिटले. पहिल्या फेरीत माझी करंगळी चेंगरली. मग हे कानाशी कंडक्टरसारखे बोलू लागले, "डावीकडे चल... जरा थांब... भिंत आहे, वळतोय." कंबर कुणाचीच उडली नाही, पण आम्ही कुठे आदळलोही नाही.

पुढच्या रविवारी मी खाली उतरून रिक्षा बघायला लागले, तर हे स्कूटर काढून उभे, हातात दोन हेल्मेट.

"बस," दुसरीकडे बघत म्हणाले.

कात्रपच्या वळणावर बुजवलेला खड्डा पुन्हा उघडला होता. मला तो लांबूनच दिसला. बोटं शिवशिवली. पण हात मी खांद्यावर नुसता ठेवला.

"खड्डा आहे," हे म्हणाले, "वळतोय."