पॉलिशच्या मशीनवरचे हातमोजे

त्या सकाळी दोघांनी एकाच पुडीतला तंबाखू-सुपारीचा खर्रा अर्धा अर्धा खाल्ला आणि पितळी भांड्यांच्या कारखान्यात कामाला लागले. दोघंही कारधा गावचे, लहानपणापासूनचे दोस्त. दुपारी एकाची तीन बोटं तुटली आणि दुसरा पोलीस ठाण्यात माझ्यासमोर बसला होता. ही घटना डोक्यातून जात नाही. बायको गेल्यापासून घर खायला उठतं, तेव्हा तर नाहीच जात. मी कमी शिकलेला, हवालदार म्हणून रिटायर झालो. घडलं तसं लिहितो.

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर माझी बदली भंडाऱ्याला झाली, तेव्हाची गोष्ट. खबर कारखान्याच्या मुकादमानं दिली. म्हणाला, जखमी पोरगा बंद मशीन पुसत होता, दोस्तानं कालच्या भांडणाचा राग काढायला मुद्दाम बटन दाबलं. जखमी नागपूरला ऑपरेशनमध्ये, त्याचा जबाब मिळणार नव्हता. ठाणेदार म्हणाले, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

मी समोर बसलेल्या पोराला विचारलं, "भांडण झालं का नाही?"

"झालं जी. माही नवी चप्पल घालून तो संडासले गेला. मी शिव्या देलो."

"आणि बटन?"

"मी दाबलो नाई जी. मशीन चालूच होती. मी तं बंद केलो."

खोटं बोलणारा आमच्या तोंडाकडे पाहतो, पटलं का नाही ते बघायला. हा स्वतःच्या बोटांकडे पाहत होता. उघडत होता, मिटत होता. मला बसवेना. पंचनामा झाला होता, तरी परत कारखान्यात गेलो.

पोत्यांमागे एक पितळी गुंड, पाणी भरायचा हंडा, पडला होता. एक बाजू चकाचक, दुसरी काळी. म्हणजे पॉलिश चालू असतानाच हातातून उडाला. बंद मशीन पुसणारा गुंड कशाला धरेल? मशीनच्या उघड्या शाफ्टवर, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यावर, हातमोज्याचे धागे रिळासारखे गच्च गुंडाळले होते.

"मोजे कोणी दिले बे?" मी मुकादमाला विचारलं.

तो म्हणाला, "मीच वाटलो साहेब. पोट्टे म्हनत, भांडं तापते, हात भाजते."

"मग त्या पोरावर काहून ढकललं?"

"माह्या मोज्यानं बोटं गेली म्हनतीन, म्हून भेवलो."

पोराला सोडलं, मुकादमाचा जबाब लिहून घेतला. फिरत्या शाफ्टनं मोज्याचं टोक पकडलं की हात सुटत नाही. तिथं मोजा नकोच, शाफ्टवर जाळी पाहिजे. आणि भल्यासाठी केलेली चूक माणूस चोरीपेक्षा जास्त लपवतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्या रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सोडलं ते बरं केलं. पन उद्या पोट्टे तेच मोजे घालून बसतीन ना जी?"

"ते पोलिसाचं काम नाही."

"मंग कोनाचं हाय?"

रात्रभर कूस बदलत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्दी चढवून कारखान्यात गेलो. मशीन सुरू व्हायची होती. जखमीच्या जागेवर त्याचा दोस्तच बसला होता, दोन्ही हातात मोजे.

"काय साहेब, आता मोजे पन अटक करता का?" कोणीतरी मागून बोललं.

"हो," म्हटलं. मेन स्विच पाडला, जाळी बसेपर्यंत चालू करायचा नाही म्हणून मालकाला बजावलं, आणि त्या पोराचा पहिला मोजा माझ्या हातानं ओढून काढला.