दादाच्या गाडीचा सायलेन्सर

माझा मोठा भाऊ तीस वर्षं ट्रक चालवत होता. वडील उमरेडला हातमागावर बसायचे. त्यांच्यानंतर मागावर कोणी बसलं नाही. दादा गाडीवर गेला, मी शिकलो आणि शहरात सदर भागातल्या एका ऑफिसात लागलो. पाना-हातोडीचं काम मला कधी आलं नाही आणि कोणी ते माझ्याकडून मागितलंही नाही.

शेवटची बारा वर्षं गाडी त्याची स्वतःची होती. जुनीच घेतलेली. कुहीकडचा धान, हंगामात नरखेडची संत्री. मागच्या उन्हाळ्यात तो ती आरटीओत पासिंगला घेऊन गेला, तर तपासणाऱ्याने इंजिन सुरू करायला लावलं आणि लगेच बंद करायला सांगितलं. सायलेन्सर सडून गेला होता. बदलून आणा, म्हणाला.

दादाने नवा सायलेन्सर आणला. मिस्त्रीकडे का नेत नाहीस विचारलं तर म्हणाला, "चार नट तं आहेत गा." पण त्याचा उजवा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. वहिनीनं मला फोनवर हळूच सांगितलं, म्हणून रविवारी सकाळी मी गेलो.

घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर गाडी उभी होती. दादा पोतं अंथरून खाली शिरला होता. नुसते पाय दिसत होते. मीही शर्ट काढून आत सरपटलो. नट गंजून गेले होते. तेल सोडलं, तासभर थांबलो, तरी पाना नुसता घसरायचा. शेवटी दादाने ते कटरने कापले. आता सायलेन्सर खाली पडेल असं मला वाटलं. पडला नाही. इंजिनाकडून येणारी नळी सायलेन्सरच्या तोंडात शिरलेली असते, आणि गंजाने दोन्ही एकजीव झाली होती.

दादाने शेजारच्या वेल्डिंगवाल्याची गॅसची टॉर्च आणली. जोड लाल होईपर्यंत तापवायचा, चौफेर ठोकायचा, मग हळूहळू फिरवायचा. तीनदा केलं. गंजाचा चुरा डोळ्यांत जात होता.

"भाऊजी, निंगला का?" वहिनीनं बाहेरून विचारलं.

"निंगते, निंगते," दादाच बोलला.

हातोडी मारताना तो उजवा हात डाव्या हाताने उचलून धरत होता. कळ माझ्यापासून लपवायला तोंड पलीकडे करत होता. ते मला बघवेना. मी मोठा पाना सायलेन्सरला लावला, त्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि पाय रोवून ओढायला लागलो.

"थांब गा. काहून घाई करतं? थांब म्हणतो ना!"

मला वाटलं, माझ्या काळजीने म्हणतोय. मी अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. कड् असा आवाज आला आणि सगळं सैल झालं.

"निघाला, दादा!" मी ओरडलो.

त्याने टॉर्च विझवली आणि वर बोट दाखवलं. जोड तसाच होता. इंजिनाचा धूर जिथून नळीत उतरतो, तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तुकडा बोल्टच्या कानाशी तुटला होता.

तो पार्ट आता बनत नाही. दादाने भंगाराची सगळी दुकानं पालथी घातली. एकाने बिडावर वेल्डिंग करून दिलं. इंजिन तापलं की भेग पुन्हा उघडायची. दुसऱ्यांदाही तेच. पासिंगची मुदत संपली. पावसाळ्यात चाकांभोवती गवत वाढलं. दिवाळीनंतर भंगारवाला आला आणि गाडी जागेवरच कापून नेली. त्या दिवशी दादा घरात पालथा पडून होता, म्हणे.

आता तो एका गोदामाच्या गेटवर आहे. दुसऱ्यांचे ट्रक आले की फाटक उघडतो. मागच्या महिन्यात मी तिकडे गेलो होतो. बराच वेळ बसल्यावर म्हणालो, "दादा, त्या दिवशी मी ओढायला नको होतं."

त्याने उठून फाटकाची कडी लावली. मग म्हणाला, "जाऊ दे गा. तसंही किती दिवस चालवलो असतो?"

हे तो माझ्यासाठी बोलला की खरंच तसं वाटून, मला कळलं नाही. त्याची सुट्टी झाली तेव्हा मी म्हणालो, चल, घरी सोडतो. नको म्हणाला. बसथांब्याकडे चालायला लागला. उजवा हात पँटच्या खिशात घातलेला होता.