मुगाला हळद लागली

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतक्या पानांच्या पाठी पाहिलेला दुसरा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात नसेल. तुम्ही-आम्ही झाड वरून बघतो, आबा खालून बघतात. कारण त्यांची जन्माची वैरीण, ती तिळाएवढी पांढरी माशी, पानाच्या पाठीला बसते, रस पिते आणि आजारी झाडाचा रोग चांगल्या झाडाला नेऊन देते. मग भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात, मूग पिवळाधमक होतो, मिरचीची पानं मुरडतात. ताईला बघायला आले तेव्हा या गृहस्थांनी पोह्यांची बशी बाजूला ठेवली, मुलीचं नावही न विचारता अंगणातल्या जास्वंदीचं पान उलटं केलं आणि जाहीर केलं, "जास्वंदीवर माशी हाय. पोरगी पसंत हाय." पाथरीच्या स्टँडवर एकदा आमची बस सुटली, कारण आबा हॉटेलामागच्या वांग्याखाली गुडघे टेकून बसले होते! या माशीला पिवळ्या रंगाची भारी ओढ. म्हणून आबा पत्र्याचे तुकडे पिवळे रंगवून, त्यांना एरंडेल फासून वावरात टांगतात, आणि पिवळं नेसलेल्या माणसाला बांधाच्या आत पाऊल टाकू देत नाहीत.

झाड पिवळं पडलं की आबांच्या तोंडी एकच, 'हळद लागली'. आम्हाला बिचाऱ्यांना हे काय ठाऊक? ताईच्या लग्नानंतरच्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला, "हळद लागली! उद्या सकाळीच या, असतील तेवढी माणसं आणा." ताईचा धाकटा दीर लग्नाचा होता. आई कडाडली, "व्याह्यांना काही रीतभात? आदल्या दिवशी सांगायलेत!" तरी आहेर घेऊन आम्ही अकराजण जीपनं पोचलो. आई पिवळ्या जरीच्या साडीत. आबा बांधावर दोन्ही हात पसरून आडवे आले.

"विहीणबाई, थांबा! पिवळं नेसून वावरात?"

"मग हळदीला काय काळं नेसू? नवरदेव कुठाय?"

"कसला नवरदेव? मुगाला हळद लागली!"

आईचा चेहरा काय झाला म्हणता! पण आबांचं म्हणणं खरं होतं: पिवळ्या झाडाला औषध नाही, माशी दुसरीकडे उडायच्या आत ते उपटायचं. ताईचं जुनं पातळ नेसून आईही ओळीला लागली, आणि दुपारपर्यंत मलाच शिकवायला लागली. मूग वाचला.

हसतो आम्ही त्यांना, पण गेल्या वर्षी मी या माणसापुढे मनातल्या मनात हात जोडले. त्यांच्याकडे भेंडीचं घरचं बियाणं होतं, त्यांच्या आईच्या हातचं, आखूड आणि जाड भेंडीचं. विकतचं बी त्यांनी कधी आणलं नाही. गेल्या वर्षी मडक्यातलं बी उंदरांनी खाल्लं, उरलेलं मूठभर सगळं पेरलं, आणि शेंगा कोवळ्या असतानाच वाफा पिवळा पडायला लागला. बियाला या रोगाची बाधा नाही. झाडं महिनाभर उभी ठेवली असती तर बी हाती लागलं असतं. पण बांधापलीकडे शेजारच्या चंद्रकलाबाईंची भेंडी नुकती चार पानांवर आली होती, आणि त्यांनी त्या वर्षी पहिल्यांदाच एकटीच्या हिमतीवर काही लावलं होतं. त्या स्वतः येऊन म्हणाल्या, "आबा, राहू द्या. बी धरू द्या. माझं काय व्हायचं ते होईल."

"माशीला बांध दिसत न्हाई, बाई," आबा म्हणाले आणि वाकले. सगळा वाफा त्यांनी एकट्यानं उपटला. मला हात लावू दिला नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांचा फार अभिमानही वाटला.

चंद्रकलाबाईंची भेंडी शेवटपर्यंत हिरवी राहिली. आबांनी उपटलेल्या झाडांच्या कोवळ्या शेंगा वाळवून ठेवल्या होत्या, पण त्यातला एकही दाणा यंदा उगवला नाही. परवा बाई यंदाच्या पहिल्या तोड्याची भेंडी घेऊन आल्या. ताईनं भाजी केली. आबांनी दोनदा मागून घेतली.

"लय चांगली हाय," ते बाईंना म्हणाले. मग बाई गेल्यावर, भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या मायची जरा खरबरीत होती."